चंदेरी रंग म्हणजे जस्त नव्हे, माझ्या बोट ट्रेलरचं काय झालं ते वाचा

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. परवा ओळखीतल्या एकाने जुना बोट ट्रेलर घेतला आणि मला म्हणाला की आता वेल्डिंग झालं की गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा द्यायला टाकतो म्हणजे काळजी मिटली, तेव्हा त्याला तासभर बसवून जे सांगितलं तेच सगळं लिहून काढतोय. लांबलंय, पण ज्यांचं काम अजून बाकी आहे त्यांनी पूर्ण वाचा.

ट्रेलर गंजलेला आहे हे मला घेतानाच माहीत होतं. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट तोच म्हणाला की मागचे दोन क्रॉस मेंबर (फ्रेमचे आडवे दांडे) गेलेत, हातोडी मारून बघा. चांगल्या लोखंडावर हातोडी मारली की टण्ण वाजतं, इथे नुसतं भद्द वाजलं आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. बॉक्स सेक्शनचे, म्हणजे पोकळ चौकोनी पाइपचे ट्रेलर असेच आतून जातात, पाण्यात बुडवला की पाणी आत शिरतं, पाणी निघून गेलं तरी मीठ आत राहतं, वरचा रंग शाबूत असतो आणि आतून पत्रा खाऊन खाऊन कागद झालेला असतो. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवलं होतं की सगळा सुटा करायचा, सडलेलं कापून काढायचं, आपल्या बोटीच्या मापाने हवे ते बदल करायचे आणि शेवटी हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करायचं, वितळलेल्या जस्तात अख्खी फ्रेम बुडवायची, म्हणजे जस्त आतून बाहेरून सगळीकडे बसेल. ब्रशने आतून रंग कुठून देणार?

पाच महिने गेले त्यात. हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) काढले तर ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं, म्हणजे पाणी शिरलेलं होतं. (रस्त्यावर चालून हब तापतो, तो तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, म्हणून बोट सोडायच्या आधी हब हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, ही सवय सगळ्यांनीच लावून घ्या.) बेअरिंग, सील, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सगळं नवीन घातलं. माझी बोट लांब असल्यामुळे ड्रॉबार (गाडीला जोडायचा पुढचा दांडा) वाढवावा लागला, त्याबरोबर विंचचा (बोट ओढून चढवायच्या चरकाचा) खांब पुढे गेला, मग तोल बिघडला म्हणून अॅक्सल पण सरकवावा लागला. गाडीच्या बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार यायला पाहिजे, त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो आणि ते फार भयंकर असतं. त्यामुळे बोट चढवून, वजन करून, परत उतरवून, अॅक्सल थोडा सरकवून परत चढवून असं चार वेळा केलं. जुने रोलर काढून लाकडी बंक (बोट टेकवायच्या फळ्या) बसवायचे होते, त्यांच्या ब्रॅकेटसाठी फ्रेमवर एम १२ चे १६ नट वेल्ड केले.

आणि हे सगळं आधी जुळवून बघायचं कारण असं की गॅल्व्हनायझिंग झाल्यावर परत कापाकापी वेल्डिंग करायचं नसतं, एकतर जस्त जळून त्या जागी मुलामा जातो आणि दुसरं म्हणजे तो पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो. म्हणून प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक वायरचं भोक आधीच करून, कुठला भाग कुठे बसतो ते पांढऱ्या ऑइल पेंटच्या मार्करने फ्रेमवर लिहून ठेवलं. १ डावा, १ उजवा, २ डावा असं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

मग फ्रेम दिली एका फॅब्रिकेशनवाल्याकडे. त्याचं स्वतःचं डिपिंग नव्हतं, आमचा माल नेहमी प्लँटला जातो, तुमची फ्रेम आमच्या लॉटबरोबर पाठवतो, एकट्यादुकट्याचा माल ते घेत नाहीत असं त्याने सांगितलं. मला ते पटलं, पटण्यासारखंच होतं. बाहेरून त्याची वर्कशॉप व्यवस्थित, बोलणं गोड, चहा पाजला. मी गेलो ते समाधानाने.

आता मागे वळून बघितलं की कळतं, फसवणूक पहिल्या दहा मिनिटांतच दिसत होती. त्याने फ्रेमचं वजनच केलं नाही. हॉट डिपचा दर वजनावर असतो, त्याने फ्रेमभोवती एक चक्कर मारली आणि अख्ख्या नगाचा आकडा सांगितला. बंद पाइप जस्तात बुडवायचा तर हवा बाहेर जायला आणि जस्त आत येऊन परत निथळायला भोकं लागतात, नाहीतर आत अडकलेलं पाणी किंवा हवा तापून पाइप अक्षरशः फुटू शकतो, माणसं जखमी होतात. कुठलाही डिपिंगवाला पहिला प्रश्न हाच विचारणार की भोकं कुठे आहेत. याने विचारलंच नाही. मी आपणहून दाखवायला गेलो तर हो हो बघतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी फ्रेम तयार. काय सुंदर दिसत होती, एकसारखी चंदेरी, कुठे थेंब नाही, ओघळ नाही. घरी आणून पहिलं काम काय केलं तर एक बोल्ट घेऊन वेल्ड केलेल्या नटात घातला, नुसत्या बोटांनी आत गेला. सोळाच्या सोळा नटात बोल्ट बोटांनी गेले आणि मला वाटलं की किती काळजीने काम केलंय या माणसाने, आटे सगळे साफ करून दिलेत! मी फोन करून त्याचे आभार मानले होते हो. हे आठवलं की अजून पोटात ढवळतं.

कारण खऱ्या डिपिंगमध्ये काय होतं ते सांगतो. लोखंड आधी तेलकटपणा काढायच्या द्रावणातून जातं, मग अॅसिडमधून, मग फ्लक्समधून (जस्त नीट धरावं म्हणून लावायच्या क्षारांच्या द्रावणातून) आणि मग साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडतं. तिथे जस्त आणि लोखंड यांचे एकमेकांत मिसळून थर बनतात, त्यामुळे तो मुलामा नखाने खरवडून निघत नाही. हॉट डिपचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४६१, त्याप्रमाणे ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर सरासरी कमीत कमी ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ६ च्या वर असेल तर ८५ मायक्रॉन थर पाहिजे. एवढं जस्त आट्यात बसल्यावर तिथे टॅप (आटे पाडायचं हत्यार) न फिरवता बोल्ट जाणारच नाही. माझे बोल्ट सहज गेले याचा अर्थ तिथे जस्त नव्हतंच. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि माहीत असायला हवं होतं असं म्हणून मी स्वतःला दोष देत बसलो होतो, आता देत नाही, कारण खोटं तो बोलला, मी नाही.

सगळं जोडलं. अॅक्सल, पाटे, बंक, विंच, वायरिंग, दिव्यांसाठी अर्थची वेगळी वायर ओढली म्हणजे फ्रेमच्या भरवशावर राहायला नको. बोट चढली, इतकी नेमकी बसली की बघत राहावं.

चार महिने वापरला, खाऱ्या पाण्यात दहा-बारा वेळा गेला असेल. दर वेळी गोड्या पाण्याने धुतला. एक दिवस धुताना दिसलं की खालच्या भोकातून लालसर ओघळ आलाय. पुसला. पुढच्या वेळी परत, आता दोन भोकांतून. इथे मला संशय आला कारण जस्ताला नवीन असताना पांढरा गंज येतो, पिठासारखा, ते मी वाचलं होतं. लाल गंज म्हणजे उघडं लोखंड. टॉर्च घेऊन खाली आडवा पडलो आणि भोकातून आत बघितलं तर आत जस्ताचा कणसुद्धा नाही, सगळं तांबडं, खपल्या धरलेलं. हॉट डिपमध्ये आत जस्त जातंच, त्याला न जायला मार्गच नसतो. मग तिसऱ्या क्रॉस मेंबरच्या मागच्या बाजूला चाकूचं टोक लावलं आणि चंदेरी पोपडा निघाला, आणि त्याच्याखाली माझ्याच अक्षरात पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ३ डावा.

अॅसिड नाही, फ्लक्स नाही, ४५० अंश तर नाहीच नाही, त्यातून गेलं असतं तर त्या अक्षराचं काय राहिलं असतं? जळून काळा डाग उरला असता आणि त्या जागी जस्त धरलं नसतं. फ्रेम साधी पुसलीसुद्धा नव्हती, तशीच स्प्रे केली होती. मी तिथेच बसून राहिलो बराच वेळ. पाच महिन्यांतले सगळे सुट्टीचे दिवस डोळ्यासमोर आले.

त्याच्याकडे गेलो तर आधी म्हणाला खारं पाणी कुणालाच सोडत नाही, मग फोटो दाखवले तर म्हणाला अहो हे कोल्ड गॅल्व्हनायझिंग आहे, ते पण गॅल्व्हनायझिंगच असतं, बिलावर बघा काय लिहिलंय. बिलावर नुसतं गॅल्व्हनायझिंग लिहिलं होतं, हॉट डिप हा शब्दच नाही. तोंडी मात्र प्लँट, लॉट, बाथ सगळं बोलला होता. आणि खरं सांगायचं तर ते कोल्ड गॅल्व्हनायझिंगसुद्धा नसावं, त्यासाठी जो झिंक रिच पेंट असतो त्याच्या सुकलेल्या थरात बहुतेक सगळं जस्तच असावं लागतं आणि तो स्वच्छ, खरखरीत केलेल्या लोखंडावर मारावा लागतो तरच उपयोग. माझ्या फ्रेमवर मिल स्केल (पोलादावर कारखान्यातूनच येणारी काळी खपली) आणि मार्कर तसंच ठेवून वरून फासलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. मी भांडलो, दोन-तीन वेळा गेलो, शेवटी त्याने फोन उचलणं बंद केलं.

तर ज्यांना काम करून घ्यायचंय किंवा जे गॅल्व्हनाइज्ड म्हणून जुना ट्रेलर घेतायत त्यांनी एवढं तरी करा. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एखाद्या कोपऱ्यात जोर लावून घासा, फडक्यावर चंदेरी उतरलं तर तो रंग आहे. टू पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) असेल तर थिनरने लगेच सुटणार नाही, तेव्हा चाकूने खरवडा, रंगाची साल निघते, जस्त खरवडलं तर खाली चकचकीत धातूच दिसतो. जिथे स्प्रेचा हात पोचत नाही तिथे बघा, पाट्यांच्या हँगरच्या मागे, दोन पट्ट्यांच्या सांध्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं पाइपच्या आत. बॉक्स सेक्शनच्या फ्रेमला दोन्ही टोकं बंद असून कुठे भोकच नसेल तर ती जोडल्यावर बुडवलेली नाही एवढं नक्की, कोणी काहीही सांगो. थिकनेस गेज (थराची जाडी मोजायचं यंत्र) मिळालं तर लावा पण नुसत्या गेजवर विसंबू नका, ते रंगाची जाडीसुद्धा मोजतं, माझ्या खोट्या फ्रेमवर पण ते ४० मायक्रॉन दाखवत होतं. चांदण्यांसारखी नक्षी दिसली नाही म्हणून खोटं असंही धरू नका, पोलादात सिलिकॉन जास्त असेल तर खरा मुलामासुद्धा मळकट करडा येतो. उलट कडेला थोडे ओघळ, टोकाला गोठलेला थेंब, हे बघून मला आता बरं वाटतं. आणि बिलावर हॉट डिप, आयएसओ १४६१ आणि मायक्रॉन हे लिहून घ्या, काम घ्यायच्या आधी, तो का कू करायला लागला की फ्रेम उचला आणि निघा.

मी परत सगळं सोडवलं. बोट उतरवली, बंक काढले, अॅक्सल काढला, स्वतः टाकलेली वायरिंग स्वतः ओढून काढली. रंग आधी पूर्ण काढावा लागला कारण अॅसिड गंज काढतं, रंग काढत नाही. बारा दिवस त्यात गेले. या वेळी मध्ये कोणी न घेता थेट प्लँटवर गेलो, आणि एकट्याचा माल घेत नाहीत हे पण खोटंच निघालं, थोडं थांबावं लागलं एवढंच. तिथल्या माणसाने फ्रेम काट्यावर ठेवली, मग खाली वाकून बघितलं आणि पहिलंच वाक्य म्हणाला की भोकं लहान आहेत, अशी घेणार नाही, कोपऱ्याला लागून मोठी करून आणा. पत्र्याची जाडी विचारली, एकावर एक वेल्ड केलेल्या पट्ट्या आहेत का विचारलं, नटांकडे बोट दाखवून म्हणाला हे आटे भरणार, नंतर टॅप मारावा लागेल, आधीच सांगतो. मी मुकाट्याने फ्रेम घरी नेली आणि भोकं वाढवून परत आणली.

तीन आठवडे लागले. घरी आणल्यावर भोकातून टॉर्च मारला, आत शेवटपर्यंत करडं चमकत होतं. गेजवर ८० च्या खाली कुठे नाही. आणि मग बोल्ट घेतला, पहिल्या नटाला लावला, अर्धा आटासुद्धा आत जाईना. टॅप आणि तेल घेऊन बसलो, सोळा नट, संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड आले, आणि प्रत्येक नटातून जस्ताचे चकचकीत तुकडे खाली पडत होते ते मी बघत होतो.