सेफ्टी अवॉर्डला अर्ज करायचा, तर कुठे? बडोद्याच्या मध्यम कारखान्यासाठी

४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन जवळ आला की बडोद्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी या औद्योगिक भागांतल्या कारखान्यांत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा आपणही एखाद्या सेफ्टी अवॉर्डला अर्ज करायचा का? गेल्या आठवड्यात माझ्या भाच्यानेही तेच विचारले. त्याच्याकडे ३०० कामगार आहेत, थोडे मशीनिंग आणि थोडे केमिकल. मी बरीच वर्षे सेफ्टी ऑफिसर म्हणून काम केले. त्याला जे सांगितले तेच इथे मांडतो.

आयएसओ ४५००१ आधी बाजूला काढू. २०१८ साली आलेले, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे पुरस्कार नव्हे, प्रमाणपत्र आहे. गिऱ्हाईक मागत असेल तर ते घ्यावेच लागेल, आणि त्याची कागदपत्रे पुढे कुठल्याही अर्जाला उपयोगी पडतात.

आता खरे पर्याय. केंद्रीय श्रम मंत्रालयाची योजना १९६५ पासूनची. तिच्यातला राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार अपघातांच्या आकड्यांवर मिळतो, तर विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगाराने सुचवलेल्या सुधारणेला मिळतो. हा दुसरा मला मनापासून आवडतो, कारण त्यात मान थेट मशीनवरच्या माणसाचा होतो. अडचण विलंबाची आहे. २०१८ या वर्षाचे पुरस्कार मार्च २०२२ मध्ये दिले गेले. तोवर सुचवणारा माणूस नोकरी सोडून गेलेलाही असू शकतो.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद, म्हणजे नॅशनल सेफ्टी कौन्सिल, १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुरस्कारांत सर्वश्रेष्ठ, श्रेष्ठ, सुरक्षा पुरस्कार आणि प्रशंसापत्र अशा पायऱ्या आहेत. पहिल्यांदा उतरणाऱ्याला पायऱ्या असणे बरे, पहिल्याच वर्षी सुवर्ण ट्रॉफीचा हट्ट राहत नाही. शिवाय गुजरात सेफ्टी कौन्सिल बडोद्यातच आहे, प्रशिक्षणासाठी लांब जावे लागत नाही.

ब्रिटिश सेफ्टी कौन्सिलचे दोन मार्ग आहेत आणि लोक ते एकच समजतात. इंटरनॅशनल सेफ्टी अवॉर्डसाठी लेखी अर्ज भरायचा, निकाल पास, मेरिट किंवा डिस्टिंक्शन. स्वॉर्ड ऑफ ऑनरसाठी मात्र आधी त्यांच्या फाइव्ह स्टार ऑडिटमध्ये पाच तारे मिळवावे लागतात, म्हणजे ऑडिटर प्रत्यक्ष कारखान्यात येतात. खर्च मोठा, पण ऑडिटचा अहवाल हातात राहतो.

अमेरिकेचा व्हीपीपी (व्हॉलंटरी प्रोटेक्शन प्रोग्राम्स, चांगली सुरक्षा राखणाऱ्या कारखान्यांना मान्यता देणारी ऐच्छिक योजना) १९८२ चा. तिथल्या ओशा या सरकारी संस्थेच्या अखत्यारीतल्या कारखान्यांनाच तो खुला आहे, बडोद्याहून अर्ज करता येत नाही. तरी तुलनेत घेतो, कारण त्याची रचना मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. पथक आत येते, कामगारांशी बोलते, युनियन असेल तर तिची संमती लागते. 'स्टार' मिळालेल्या जागेची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते. मोबदल्यात नेहमीच्या ठरलेल्या तपासणीतून सूट, पण तक्रार आली किंवा गंभीर अपघात झाला की निरीक्षक येणारच.

आकडे ताडून पाहताना एक चूक हमखास होते. आपल्याकडे अपघात-वारंवारता १० लाख मनुष्यतासांवर काढतात, ओशा २ लाखांवर. ३०० कामगार वर्षाला ७.२ लाख तास भरतात. तीन अपघात झाले तर आपला दर ४.१७ आणि ओशाच्या सूत्राने ०.८३. अपघात तेच, तरी दुसरा आकडा पाहून साहेब खूश होतात. त्यातही आपण कामाचे दिवस बुडवणारी इजा मोजतो, तर ओशा प्रथमोपचारापलीकडे उपचार लागलेली प्रत्येक इजा धरते. म्हणजे दोन आकडे शेजारी मांडता येतच नाहीत.

आकड्यांवर उभ्या पुरस्कारांची मला भीती वाटते ती अशा प्रसंगांमुळे. एका कारखान्यात प्रेसवर एका पोराचे बोट चेचले. 'शून्य अपघात' दिवसांचा फलक भरत आला होता. त्याला घरी न पाठवता तीन दिवस हजेरी लावून, हाताला पट्टी असतानाच, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवून ठेवले. कागदावर एकही दिवस बुडाला नाही. फलकावरचे दिवस वाढत राहिले, आणि प्रेसचे संरक्षक कवच (गार्ड) मात्र तसेच सैल राहिले. मी तेव्हा त्या कागदावर सही केली नाही, पण आवाजही पुरेसा उठवला नाही.

केमिकलवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण गेले. चौकशी समितीने नंतर सांगितले की वैयक्तिक इजांचा दर कमी आहे म्हणून प्रक्रियेची सुरक्षाही (स्फोट, आग, गळती टाळण्याची) चांगली आहे, असा कंपनीचा समज झाला होता. हेल्मेट, घसरणे, कापणे यांचे आकडे छान असताना टाकी भरून वाहू शकते. म्हणून नंदेसरीकडच्या केमिकलवाल्यांनी अर्जाबरोबर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप), अलार्म आणि इंटरलॉक (धोका दिसताच यंत्रणा आपोआप थांबवणारी व्यवस्था) यांच्या चाचण्यांची नोंदवहीही उघडून बघावी.

भाच्याला मी सांगितले: यंदा विश्वकर्मासाठी कामगारांच्या सूचना गोळा कर आणि परिषदेच्या खालच्या पायरीला अर्ज कर. स्वॉर्ड ऑफ ऑनर दोन वर्षांनी, आणि तेही पैसे असतील तरच. अर्ज भरण्याआधी मात्र व्हीपीपीच्या पथकाप्रमाणे दुपारच्या पाळीत स्वतः जा, सुपरवायझर बाजूला कर, आणि दहा जणांना विचार: गेल्या महिन्यात थोडक्यात कोण वाचले? दहाही जण 'कोणीच नाही' म्हणाले, तर अर्ज पुढच्या वर्षावर टाक.