नेचा ओळखायचा कसा: भिंगाने की डीएनएने?

गगनबावडा किंवा राधानगरीच्या ओल्या कड्यावरचा नेचा भिंगाखाली धरला, तर प्रजातीपर्यंत बऱ्याचदा पोचता येतं. पानामागच्या बीजाणुपुंजांचा आकार, त्यावरचं आवरण आणि खोडावरचे खवले पाहायचे. खर्च जवळपास शून्य. एका बीजाणुधानीतले (बीजाणूंच्या पिशवीतले) बीजाणूही मोजावेत: साधारणपणे 64 असतात, 32 निघाले तर नेचा बहुधा फलनाशिवाय वाढणारा. हे rbcL, म्हणजे डीएनएने ओळख पटवताना वाचलं जाणारं एक जनुक, सांगणार नाही.

मात्र नात्यांच्या बाबतीत रूप फसवतं. सायलोटम आणि एक्विसेटम या नेच्यांसारख्या न दिसणाऱ्या वनस्पती नेच्यांच्याच वंशशाखेत बसतात, हे डीएनएनेच पक्कं केलं. नेच्यांच्या 2016 च्या पीपीजी (Pteridophyte Phylogeny Group) वर्गीकरणाचा पायाही तोच.

डीएनएची खरी कसोटी पावसाळ्यात. कोवळं, निरोगी पान घ्या, वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदला. इथल्या दमट हवेत एक दिवसाची ढिलाई पान काळं करते आणि डीएनए तुटतो. नेच्यांत पॉलिफिनॉल व शर्करा भरपूर, म्हणून डीएनए काढण्याच्या सीटॅबच्या (CTAB) द्रावणात पॉलिफिनॉल बांधून ठेवणारं पीव्हीपी (PVP) घालावं. तरी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) अडला, तर आधी काढलेला डीएनए दहापट पातळ करून पाहा.

एक मेख: rbcL हरितलवकातलं जनुक, सहसा आईकडूनच येतं. संकर असेल तर बाप दिसतच नाही. त्यासाठी केंद्रकातलं जनुक लागतं. आणि वाळवलेला संदर्भनमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नसेल, तर मिळालेला डीएनएचा क्रम नेमका कोणाचा, हे नंतर कुणालाच तपासता येत नाही.