विद्यापीठ बदलावे का? जळगावातील एका सल्ला केंद्राचा अनुभव

पीएच.डी.च्या नोंदणीला दोन वर्षे होत आली असताना यजमानांची बदली पुण्याला झाली, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील माझी नोंदणी पुण्याला हलवावी की जळगावलाच ठेवावी, हा विषय आमच्याकडे रोज जेवताना निघू लागला. ‘पुण्याची पदवी ती पुण्याची पदवी’ असे सांगणारे नातेवाईक भुसावळात काही कमी नाहीत. शेवटी संशोधकांना सल्ला देणाऱ्या जळगावातील एका खासगी केंद्राची वेळ घेतली. पुढे तक्रारही करायची असल्याने केंद्राचे नाव देत नाही.

एक तासाच्या बैठकीचे 1,000 रुपये ठरले होते. समोर एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. मार्गदर्शकांशी पटते का, हे त्यांनी सर्वांत आधी विचारले आणि पटते म्हटल्यावर ‘मग घाई कशाची?’ एवढेच म्हणाल्या. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीची झेरॉक्स काढून, ओळीखाली पट्टी धरून त्यांनी मला नेमके कलम वाचायला लावले. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक स्त्रीला आपली संशोधन सामग्री नव्या संस्थेत नेता येते. मात्र ते काम मूळ संस्थेला अथवा मार्गदर्शकाला मंजूर झालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावे, नियमावलीतील इतर अटी पाळल्या जाव्यात आणि आधी झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्थेला व मार्गदर्शकाला द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. दोन वर्षे मी हा नियम केवळ ऐकीव माहितीवर सांगत होते, याची मला तिथे लाज वाटली.

पण नियमाने परवानगी असली, तरी जागा मिळेलच असे नाही. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 संशोधक घेता येतात. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा संशोधक घेता येत नाही. म्हणजे पुण्यात विद्यापीठ शोधण्याआधी माझ्या विषयात रस असलेला आणि जागा रिकामी असलेला माणूस शोधावा लागणार होता, आणि माझा विषय होता रावेर व यावल तालुक्यांतील केळी उत्पादकांचे पीककर्ज. मॅडमनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला ‘पुणे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रावेर’ लिहिले. मी सोबत नेलेल्या कापडी पिशवीतील 140 भरलेल्या प्रश्नावल्या त्यांनी ‘रावेर’च्या बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या 60 भरायला कुठे जाणार, असे विचारले. उत्तर अर्थातच केळीच्या बागांत. सहामाही प्रगती अहवाल सादर करण्यापुरते महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला येणे हे नवा मार्गदर्शक, नवी समिती आणि कदाचित नवा आराखडा यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे मला त्या पानावरच दिसले. नोंदणी जळगावलाच ठेवायची, हे मी बाहेर पडण्याआधी ठरवले.

इथवर पैसे वसूल झाले. मात्र निघताना बाहेरच्या टेबलावरील गृहस्थांनी ‘फाइल उघडण्याचे’ आणखी 500 रुपये मागितले, ज्याचा फोनवर उल्लेखही नव्हता. ते दिल्यावर त्यांनी 35,000 रुपयांत ‘संपूर्ण स्थलांतर’ करून देण्याची योजना पुढे केली, आणि त्यात नवा संशोधन आराखडा लिहून देणेही होते. आतल्या खोलीत नियम वाचून दाखवायचे आणि बाहेरच्या खोलीत दुसऱ्याचे संशोधन लिहून द्यायची तयारी दाखवायची, हे मला अजिबात रुचले नाही. मॅडमना याची कल्पना आहे की नाही, हे विचारायचे धाडस त्या दिवशी झाले नाही.

बदलीचा पेच ज्यांच्यासमोर आहे, त्यांनी पहिली बैठक जरूर घ्यावी, पण नोंदणीपत्र आणि झालेल्या कामाचे कागद सोबत न्यावेत. रिकाम्या हाताने गेल्यास तो तास सर्वसाधारण गप्पांत जातो. पूर्ण रक्कम फोनवरच विचारून घ्यावी आणि ‘संपूर्ण स्थलांतरा’ला सरळ नकार द्यावा. 1,500 रुपयांची पावती मला दोनदा मागूनही मिळालेली नाही.