कुतुब मिनार: मिनार दहा मिनिटांत होतो, आवाराला दोन तास द्या

कुतुब मिनारला गेलेले बरेच जण मिनारापुढे फोटो काढतात, लोहस्तंभाभोवती एक चक्कर मारतात आणि बाहेर पडतात. तिकिटाचे पैसे तेवढ्यानेही वसूल होतात म्हणा, पण खरी गंमत बघायची राहून जाते. दिल्लीत एकच सकाळ मोकळी असेल तर लाल किल्ल्याऐवजी इथे या, असं आम्ही बिनदिक्कत सांगू.

आधी जाण्याचं. मेट्रोच्या यलो लाइनवर ‘कुतुब मिनार’ नावाचं स्टेशन आहे, पण नावावर जाऊ नका. तिथून मिनार दीड-दोन किलोमीटर लांब आहे. रिक्षा करा. तिकीटखिडकी रस्त्याच्या एका बाजूला आणि प्रवेशद्वार दुसऱ्या बाजूला, त्यामुळे आधी दारात जाऊन उभे राहिलात तर परत रस्ता ओलांडावा लागतो. भारतीयांना ऑनलाइन तिकीट ३५ रुपये, रोखीने ४०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट (निघण्याआधी दर एकदा तपासा). खाण्याचे डबे आणि ट्रायपॉड आत नेता येत नाहीत. छोटी दुर्बीण मात्र जरूर न्या, का ते पुढे येईलच.

सकाळीच जायचं ते नुसतं गर्दीमुळे नाही. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीची कमानींची उंच भिंत पश्चिमेला आहे आणि तिचा दर्शनी भाग पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊन थेट तिच्या कोरीवकामावर पडतं. दुपारनंतर तीच नक्षी सावलीत मिटून जाते. मशिदीच्या चौकाभोवतीचे खांब नीट पाहा: घंटा, साखळ्या, पूर्णघट (पानाफुलांनी भरलेला कलश). २७ मंदिरांचे दगड वापरल्याचं पूर्वेच्या दरवाजावरचा लेखच सांगतो. उंची जुळवायला एकावर एक चढवलेले खांब आहेत, आणि वरच्या-खालच्या तुकड्यांची नक्षी कितीदा तरी जुळत नाही.

आता त्या भिंतीच्या कमानींजवळ जा आणि दगडांचे सांधे बघा. सांधे थेट वरपर्यंत आडवे आहेत. म्हणजे आकार कमानीचा, पण बांधणी जुन्याच पद्धतीची: प्रत्येक चिरा खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत नेऊन वर दोन्ही बाजू भेटवल्या. हे ११९९च्या सुमाराचं काम. मग दक्षिणेला अलाउद्दीन खिलजीच्या अलाई दरवाजाशी या, तो १३११चा. इथे सांधे पंख्यासारखे पसरलेले दिसतात. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात. शतकभरात गवंड्यांच्या हाताला काय नवं आलं, ते दोनशे पावलांच्या आत कळतं. पाटीवर हे कोणी असं सांगत नाही आणि गाइडही सहसा इथे थांबत नाहीत.

मिनाराची उंची ७२.५ मीटर, पायथ्याचा व्यास १४.३ मीटर, माथ्याला जेमतेम पावणेतीन. पहिल्या मजल्यावर एक गोल, एक कोनदार अशा उभ्या पन्हळी. दुसऱ्यावर सगळ्या गोल. तिसऱ्यावर सगळ्या कोनदार. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबकाने सुरुवात केली, त्याचा जावई आणि पुढचा सुलतान इल्तुतमिशाने मजले चढवले. विजेने माथा पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचे दोन मजले नव्याने बांधले, म्हणूनच तिथे तांबड्या दगडात पांढरा संगमरवर दिसतो. दुर्बीण लागते ती सज्जांखालच्या मधाच्या पोळ्यासारख्या नक्षीसाठी. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण चढायचं मनात आणू नका. ४ डिसेंबर १९८१ला आतले दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. तेव्हापासून जिना बंद आहे, आणि तो बंदच असावा.

मशिदीच्या चौकातला लोहस्तंभ सव्वासात मीटरचा, सहा टनांहून जड, गुप्तकाळातला. म्हणजे मशिदीपेक्षा कितीतरी जुना. लोखंडात फॉस्फरस भरपूर असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरतो, म्हणून गंज आत शिरत नाही. पाठ टेकवून मागे हात जुळले तर नशीब फळफळतं म्हणून लोक त्याला मिठ्या मारायचे. १९९७ला कुंपण घातलं, ते बरं झालं.

वेळ कमी पडला तर अलाई मिनार लांबूनच बघा. दुप्पट उंच मिनार करायला निघालेल्या खिलजीचा साडेचोवीस मीटरवर थांबलेला तो दगडगोट्यांचा ढीग आहे. इल्तुतमिशाची कबर मात्र चुकवू नका. बाहेरून साधी, आत बोटभर जागा कोऱ्या दगडाची नाही, आणि वर घुमटाऐवजी उघडं आभाळ.

निघताना आग्नेयेच्या हिरवळीवर एक एकटी छत्री, म्हणजे खांबांवरचा छोटा घुमट, दिसेल. भूकंपाने मोडलेल्या मिनाराची दुरुस्ती करताना इंग्रज लष्करी अभियंता मेजर रॉबर्ट स्मिथने १८२८ला ती माथ्यावर बसवली होती. ती तिथे इतकी विजोड दिसायची की १८४८ला गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंजने खाली उतरवायला लावली. तिच्याजवळ सहसा कोणी नसतं. मुलांना डबा खायचा असेल तर मात्र बाहेर पडूनच.