नकाशा उतरवायचा: टाइल की डब्ल्यूएमएस?

रायगडाच्या परिसराचा नकाशा पायथनच्या दहा-बारा ओळींत उतरवायचा, तर दोन वाटा: टाइल, म्हणजे नकाशाचे आधीच कापलेले चौकोनी तुकडे, आणि डब्ल्यूएमएस (वेब मॅप सर्व्हिस), म्हणजे मागाल त्या भागाचं चित्र देणारी सेवा. टाइलची वाट सोपी वाटते: झूम, एक्स, वाय (तुकड्याचा स्तंभ आणि ओळ) भरा, २५६ बाय २५६ पिक्सेलचा चौकोन हाती. पण झूम एकाने वाढवला की तेवढ्याच भागाला चौपट टाइल, वर जोडकाम. शिवाय ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या टाइल सर्व्हरवरून घाऊक डाउनलोडला मनाईच आहे.

डब्ल्यूएमएसला चार सीमा आणि रुंदी-उंची सांगा, अखंड चित्र येतं. बहुधा जरा हळू, तरी मी हेच वापरतो. एक खोच मात्र आहे: डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ (सीमा अक्षांश-रेखांशांत सांगायच्या पद्धतीचा कोड) घेतलं तर आधी अक्षांश, मग रेखांश, १.१.१ मध्ये उलट. गफलत केलीत तर रायगडाऐवजी थेट नॉर्वेच्या उत्तरेचा समुद्र, नाहीतर कोरा चौकोन!