बाबांचा रिसीव्हर दुरुस्त करावा, की नवा ॲम्प्लिफायर घ्यावा?

गेली दोन वर्षं आमच्याकडे दोन्ही होते. बाबांनी १९७८ साली कुवेतहून आणलेला, उचलताना कमरेत भरणारा चंदेरी जपानी रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात; आणि तो बिघडला म्हणून मी घेतलेला, एका तळहातावर मावणारा नवा ॲम्प्लिफायर. त्या काळी आखातातून येणाऱ्यांच्या सामानात सान्सुई, पायोनियर, आकाई असं काहीतरी असायचंच. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर असा एखादा डबा धूळ खात पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नव्याच्या आवाजात खोट काढता येणार नाही. गुणगुण नाही, खरखर नाही, तापत नाही. टीव्ही जोडायचा असेल तर सरळ तोच घ्यावा.

माझं बिनसलं ते पहाटे. साडेपाचला घर झोपलेलं असतं, तेव्हा मी अगदी बारीक आवाजात विलंबित ख्याल लावतो. वीसेक मिनिटं झाली, ऐकता ऐकता जरा डोळा लागावा, आणि टक! ॲम्प्लिफायर बंद. आत येणारा सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली राहिला की कोणी ऐकत नाही असं समजून तो वीज वाचवतो. गायक षड्जावर स्थिरावलेला, आणि हा निजलेला. आवाज फोनवरूनच कमी करायची माझी सवयही नडत असेल. पण कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘आवाज थोडा वाढवून बघा.’ ही सोय बंद करायचं सेटिंग त्या मॉडेलात नव्हतंच. काहींत असतं म्हणे. घेण्याआधी दुकानात एवढं जरूर विचारा.

मग जुना काढला. इतक्या वर्षांनी असा सेट थेट प्लगला लावू नका. कारागिराकडे सिरीज बल्बवर, म्हणजे मध्ये एक बल्ब जोडून जादा करंट अडवत, आधी बघून घ्या. मागे व्होल्टेजचा खटकाही तपासा. अमेरिकेतून आलेला सेट बहुधा १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर तो धूर काढेल.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका कारागिराकडे तो तीन महिने पडून होता. ‘पार्ट येतोय’ हे वाक्य पाठ झालं. पण शेवटी माझ्यासमोर त्यांनी झाकण काढलं, व्हॉल्यूमच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण दहा-बारा वेळा इकडून तिकडे फिरवलं, आणि दोन वर्षं मुका असलेला डावा स्पीकर आधी खाकरला, मग बोलायला लागला. गुणगुण होती ती सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरांची, म्हणजे आतला वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागांची. ते बदलल्यावर गेली. डायलचे उडालेले बल्बही बदलले. मजुरीसकट साडेसहा हजार. नवा नऊ हजारांना पडला होता, म्हणजे फार वाचले असं नाही.

आवाज जुन्याचा चांगला की नव्याचा? मला जुन्यात तबल्याचा बायाँ जास्त भरीव वाटतो. तो कानाचा भाग असेल, किंवा बाबांचा. घरात एलपी असतील तर मात्र जुन्याचा फायदा खरा आहे, कारण फोनोची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवून घ्यायची, सोय त्यात आतच असते. नव्याला त्यासाठी बऱ्याचदा वेगळा प्रीॲम्प लागतो. ब्लूटूथचं म्हणाल, तर एक छोटी डबी ऑक्सला जोडली की झालं.

ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, तर मात्र मोह आवरा. आउटपुटची एसटीके आयसी, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारी चिप, गेली असेल तरी तेच. बाजारात नकली इतक्या आहेत की पुन्हा पुन्हा उडत राहतील. कपॅसिटर, बल्ब आणि खटके एवढंच दुखणं असेल तर मी तरी तीन महिने थांबेन.

आता पहाटे डायलचा पिवळा उजेड आणि १०१ वर विविध भारती. नवा मुलीला देऊन टाकला. तिच्याकडे तो कधीच झोपत नाही, कारण ती लावते त्या आवाजात शेजाऱ्यांनाही झोपता येत नाही.