कॉलेजच्या समुपदेशन केंद्रातल्या सहा भेटी

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर माझी झोप उडाली. पॅथॉलॉजीत नापास झाले म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पुस्तक उघडलं की तासभर तेच पान समोर असायचं. आमच्या मेडिकल कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात मी आतापर्यंत सहा वेळा गेले. जाऊ की नको, या विचारात कुणी अडकलं असेल तर त्याच्यासाठी लिहिते आहे.

आधी तक्रार. नाव नोंदवल्यावर पहिली वेळ मिळाली एकोणीस दिवसांनी. केंद्र नऊ ते चार उघडं, म्हणजे नेमकं आमच्या वॉर्डच्या आणि लेक्चरच्या वेळेत. त्यात खोली मानसोपचार ओपीडीच्या बोळात. जे सर उद्या व्हायवा (तोंडी परीक्षा) घेणार, तेच समोरून येतात. मी दोनदा दारावरून परत फिरले. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या मोठ्या आढाव्यात २७.२ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. त्यांतले उपचारांकडे वळले फक्त १५.७ टक्के. हा दुसरा आकडा असा का, ते मला त्या बोळात कळलं.

आत गेल्यावर पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचा कागद हातात आला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला ते पाठ होते. एकूण १५ गुणांपासून नैराश्याची पुढची, जास्त तीव्र पायरी सुरू होते हेही माहीत होतं, म्हणून मी १४ वर थांबले. मरणाच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य दिलं. समुपदेशक मॅडमनी कागद पाहून बाजूला ठेवला. "नववा आपण तोंडी बोलू. तुझ्या जिवाला धोका वाटला तरच मी दुसऱ्या कुणाशी बोलेन, तेही तुला सांगून. तुझ्या शिक्षकांपर्यंत यातलं काही जात नाही." मग त्या नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मी खरं सांगितलं.

गोळ्यांसाठी त्यांनी कॉलेजबाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे मी स्वतः उत्तरपत्रिकेत लिहिलेलं. तरी पहिले दहा दिवस धीर सुटत होता. त्या दिवसांत मॅडमनी एवढंच सांगितलं, रात्री झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. चौथ्या आठवड्यात एक धडा सलग वाचून झाला.

केंद्राने निदान एक संध्याकाळ उघडं राहावं आणि खोली ग्रंथालयाच्या इमारतीत न्यावी. तिथे कोण कशाला आलंय, कुणी बघत नाही.

पुढची भेट गुरुवारी आहे. युनिटमध्ये मी "काम आहे" एवढंच सांगितलंय.